मुंबईला गेलो होतो की नातेवाइकांकडे?

पंचगंगाकाठ
दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मुंबईला जाऊन आलो. मी, बायको, आठवीतला पोरगा, पाचवीतली पोरगी. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस.

हिशेब सांगतो. पहिला दिवस डोंबिवलीला आत्तीकडे. दुसरा विरारला मामांकडे. डोंबिवलीहून विरार म्हणजे दादरला उतरा, पूल चढा, गाडी बदला. पोरं, बॅगा आणि फराळाचे डबे घेऊन अडीच तास. तिसरा दिवस लालबागला चुलत काकांकडे. तिन्ही घरी तोच फराळ, 'केवढा उंच झाला हा!' आणि टीव्ही चालू. चौथ्या दिवशी गाडी रात्रीची, म्हणून दुपारी गेटवे ऑफ इंडिया. तिथं तपासणीची रांग, मग गर्दी. समुद्र बघायला मिळाला मोजून चाळीस मिनिटं. पोरगी म्हणाली, "पप्पा, एवढंच?"

तर माझं ठरलंय. पुढच्या वेळी दादरला लॉज. सगळ्या नातेवाइकांना एका संध्याकाळी एका हॉटेलात बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, बिल माझं. उरलेले तीन दिवस मुंबई. चुकतंय का काही?

चौथी सीट
चुकलंय ते वेळापत्रक. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी लोकल बदलत फिरायचं नाही. एवढं आधी बघितलं असतं तरी एक अख्खा दिवस वाचला असता. आणि महालक्ष्मी कल्याणला थांबते. डोंबिवलीला जायचं तर तिथंच उतरायचं. सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटे आलात की काय?

पंचगंगाकाठ
उलटेच आलो. आतेभाऊ न्यायला सीएसएमटीला आला होता. त्याला नाही कसं म्हणायचं?

चौथी सीट
हेच तर. अठ्ठेचाळीस किलोमीटर भिडेपोटी.

गॅलरीतली तुळस
लॉजला माझा जोरदार पाठिंबा. मी कांदिवलीची. वन बीएचके, माणसं चार. पाणी सकाळी सहा ते पावणेसात. त्यात पाहुणे पाच. बादल्या, पिंप, कुकर, सगळं भरून ठेवलं तरी शेवटच्याच्या अंगाला साबण आणि नळ कोरडा. रात्री हॉलमध्ये गाद्या घातल्या की स्वयंपाकघरात जायला वाट राहत नाही. पहाटे चहा टाकायला मी लोकांचे पाय ओलांडत जाते.

आणि गावाकडून "कधी येऊ?" असा फोन कधी येत नाही. येतो तो "रिझर्वेशन झालंय" असा. माझी रजा, मुलाची परीक्षा, कशाचीही चौकशी नाही. वर गावी जाऊन सांगणार, मुंबईची माणसं मनानं छोटी. अहो, मन आहे तेवढंच आहे, जागा छोटी आहे.

कल्याण-कसारा
मी एका भाच्याची आत्या आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. हॉटेलात भेटायला आम्ही काय विमा एजंट आहोत?

माझा भाऊ गेला त्याला सहा वर्षं झाली. भाचा आला की पहिली त्याची पिशवी उघडते. कांदा-लसूण चटणी, काकवीची बाटली, ज्वारीचं पीठ, आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेवग्याची शेंग, आमच्या परड्यातल्या झाडाची. इथं कोपऱ्यावर शेंगा मिळतात हो. तरी ती शेंग मी दोन दिवस फ्रिजमध्ये नुसती ठेवते. हे हॉटेलात टेबलावर मांडू? वेटरपुढे?

पाणी आमच्याकडेही पाऊण तासच येतं. आंघोळी उरकतात सगळ्यांच्या.

गॅलरीतली तुळस
आत्या, तुम्हाला शेंग मिळते. तुमच्या सुनेला काय मिळतं ते तिला एकदा विचारा.

शनिवारचा बाजार
तुळस यांना +१.

बदली कामगार
दोन्ही बाजू मुंबई एकीकडे आणि नातेवाईक दुसरीकडे असं का धरून चालल्यात? आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. राहायला गावकीचा गाळा: एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीवाल्यानं वळकटी आवरायची. जेवण खानावळीत. १९८२ चा संप झाला आणि त्या खोलीतली निम्मी माणसं गावाला परतली. वडील राहिले, म्हणून आज मी इथं आहे.

गेल्या मे महिन्यात पुतण्या आला, त्याला लोअर परळला फिनिक्स मॉल बघायचा होता. नेला. मग आवारात उभं करून वर बघायला सांगितलं. गिरणीची जुनी चिमणी अजून तिथंच आहे. म्हटलं, तुझ्या आजोबांच्या गिरणीलाही अशीच होती, आणि इथले भोंगे झाले की गिरणगाव उठायचा. पोरगं गप्प झालं, मग म्हणालं, "आजोबा इथं चालत यायचे?" लॉजवाला ही मुंबई दाखवणार आहे का?

पंचगंगाकाठ
काका, पटतंय. पण असा दाखवणारा असला तर. आमचे लालबागचे काका आता तेविसाव्या मजल्यावर. जुनी चाळ पाडून टॉवर झाला. गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. खिडकीतून बोट करून सांगत होते, "तिकडं होती आमची चाळ." तिकडं पार्किंग दिसत होतं.

गॅलरीतली तुळस
बदली कामगार, चिमणी छानच. पण तुम्ही पुतण्याला घेऊन मॉलला गेलात तेव्हा घरी पोळ्या कोण लाटत होतं?

बदली कामगार
पोळ्या दादरच्या पोळीभाजी केंद्रातून. आमटी-भात मी लावतो. बायको तेव्हा माहेरी होती, हे खरं सांगायला हवं.

गॅलरीतली तुळस
वाटलंच.

चौथी सीट
भांडण चालू द्या, मी पंचगंगाकाठ यांच्या पोरांचं बोलतो. दोन दिवस पुरतात. पहिला दिवस भायखळा. राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती दाखवायचा. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. इंग्रज त्याला उचलून विलायतेला न्यायला निघाले, उचलताना त्याचे तुकडे झाले, म्हणून तो इथंच राहिला. पुन्हा जोडलाय, सांधे नीट बघितले तर दिसतात. दुसऱ्या दिवशी गेटवेवरून लाँचनं तासाभरात घारापुरी. आदल्या दिवशी हत्ती बघितलेला असला की पोरं "हा इथं कुठं उभा होता?" म्हणून वर पळतात. माझी पळाली होती. आणि आत गेल्यावर ती वीसेक फुटी त्रिमूर्ती. तिथं माझ्या धाकट्यानं आपणहून आवाज खाली आणला, घरी जे कधी होत नाही.

राहायला कुठं, ते तुमचं तुम्ही बघा.

कल्याण-कसारा
मग असं करा ना, घारापुरीला आत्तीलाच घेऊन जा. चार घरं फिरण्यापेक्षा सगळ्यांना लाँचवर बोलवा. डबा मी सांगते: दशम्या, शेंगदाण्याची चटणी. आमटी नको, सांडते. वर गेल्यावर माकडांपासून पिशव्या सांभाळा.

गॅलरीतली तुळस
आत्या, हे बेष्ट. गाद्या घालायला नकोत. मी दशम्या विकत आणीन, चालेल ना?

कल्याण-कसारा
चालेल. पण कुणाला सांगू नका.

पंचगंगाकाठ
एक घोळ झालाय. आतेभाऊ हे सगळं वाचत होता. मला वाटलं आता उद्धार होणार. त्याचा फोन आला. म्हणाला, "लॉज केलास तर आई बोलायची नाही तुझ्याशी, ते तू बघून घे. पण घारापुरी मीसुद्धा बघितलेली नाही. जन्म डोंबिवलीत गेला माझा. सोमवार सोडून कधीही ये."

मागनं आत्ती विचारत होती, पायऱ्या किती आहेत.

चौथी सीट
एकशेवीसच्या आसपास. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, वर जायला डोलीवालेही असतात. भाव आधी ठरवा.