मदत हवी आहे: मनगटावरच्या बँडवरून पगारवाढ ठरवायची कशी?

मंडळी, साकीनाक्याला एका गोदामात मी सुपरवायझर आहे. तीन महिन्यांपूर्वी मालकांनी सगळ्यांच्या मनगटाला बँड बांधले. पावलं, नाडी, 'रिकामा वेळ', सगळं ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसतं. आता पगारवाढ आणि भरती याच आकड्यांवर करायची, असं फर्मान निघालंय. यादी शुक्रवारपर्यंत द्यायचीय.

यादीत तळाला आमच्या एक मावशी आहेत. दिवसभर ट्रॉली ढकलतात. खात्री करायला मी स्वतः त्यांचा बँड बांधला आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून शंभर पावलं मोजत चाललो. बँडने धरली सव्वीस! हात झुलला तरच पाऊल, असा त्याचा हिशोब. उलट एक पठ्ठ्या बसल्या जागी खोक्यांना टेप मारतो आणि किलोमीटरवर किलोमीटर चालतो. (त्याची काही चूक नाही म्हणा.) लिफ्ट बंद पडली की थांबलेला वेळही 'रिकामा'च.

भरतीचं तर विचारूच नका. परवा बदलापूरहून एक मुलगा आला, लोकलमध्ये लोंबकळत, घाटकोपरला मेट्रो धरून. आल्या आल्या बँड बांधला, नाडी ११२. स्क्रीन म्हणे, 'ताण जास्त'. पाणी दिलं, वीस मिनिटं बसवलं, तर ७८. शिवाय हे बँड कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडी मोजतात, आणि गोंदण असेल तिथे गडबडतात. आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या मनगटावर गोंदण आहे.

बँडचा आकडा प्रत्यक्ष कामाशी ताडून बघायची रीत कुणी बसवली आहे का? आणि नाडी भरतीतून काढा, हे मालकांच्या गळी कसं उतरवू?

प्रतिसाद: ट्रॉलीवाल्यांना ट्रॉलीवाल्यांशीच तोला, टेपवाल्याशी नको. आठवडाभर बँडच्या शेजारी हाताने मोजलेलं काम लिहा, फरक आपोआप दिसेल. नाडीबद्दल सांगायचं तर युरोपीय संघात कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी २०२५पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. आपला डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्यात संमती घेताना कुठली माहिती कशासाठी हवी ते सांगायची तरतूद आहे, तेही हवं तर मराठीत. तुमच्या त्या मुलाला कुणी सांगितलं होतं का?

धागाकर्ता: नाही, नुसता हात पुढे करायला सांगितला. बाकी, ट्रॉलीच्या चिठ्ठ्या खिळ्याला लटकलेल्या सापडल्या. काल रात्री गेल्या आठवड्याच्या मोजल्या. अकरा जणांत मावशी दुसऱ्या.