लॉ झालं, सनद मिळाली, आता एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू होतोय, काय करू?

काळा_कोट_रिकामा_खिसा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा प्लीज. मी सोलापूर जिल्ह्यातला, पुण्यात पाच वर्षांचं बीए एलएलबी केलं, २०२५ ला पास झालो, सनद (वकिलीचा परवाना) घेतली आणि शिवाजीनगर कोर्टात एका सिनियरकडे बसतोय. लोन साडेसात लाखांचं, तारण नाही, वडील सहकर्जदार. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नव्हता, ते वर्ष आता संपलं आणि बँकेचं पत्र आलं, व्याज धरून १० लाख ६५ हजार, दर साडेदहा टक्के, १५ वर्षांसाठी हप्ता ११,७७२. आणि सिनियर देतात महिना ८ हजार, तेही आठवण केली तर. त्यात कॉट बेसिसचे साडेचार आणि मेसचे तीन हजार, बाकी हिशोब तुम्हीच करा.

मला जेएमएफसी (कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा) द्यायचीये. आपल्याकडे आधी फ्रेशर्सना पण बसता यायचं, पण २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली. म्हणजे बँक थांबणार एक वर्ष आणि परीक्षेसाठी लागणार तीन, मधली दोन वर्षं मी खायचं काय आणि भरायचं काय? हिंजवडीत एका कंपनीत काँट्रॅक्ट तपासायचा जॉब मिळतोय ३५ हजारांचा, पण फुल टाइम पगारी नोकरी म्हणजे सनद सस्पेंड करावी लागणार आणि तो काळ प्रॅक्टिसमध्ये धरणार नाहीत. वडील म्हणतायत एक एकर विकू. मला ते नकोय. कुणी यातून गेलंय का?

मेसचं_ताट
बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्क्युलर काढलंय की शहरात ज्युनियरला किमान २० हजार द्या आणि ग्रामीण भागात १५. सिनियरच्या टेबलावर प्रिंट काढून ठेव 😂 (ठेवू नको, ती नुसती शिफारस आहे, उद्यापासून ८ पण बंद होतील)

सर्चवाला_वकील
भावा मी पण तिथेच उभा होतो, फक्त माझं लोन कमी होतं. पहिली गोष्ट, सिनियरच्या पैशावर हप्ता भरायचा हा विचारच डोक्यातून काढ, ते पैसे चहा-झेरॉक्सचे समज. मी दोन वर्षं हप्ता कशावर काढला तर लिव्ह अँड लायसन्स आणि सर्च. पुण्यात भाडेकरार ऑनलाइन रजिस्टर होतात, अंगठ्याचा ठसा घ्यायला घरी जावं लागतं, लोक संध्याकाळी सात नंतरच भेटतात, म्हणजे कोर्ट संपल्यावर करता येतं आणि मे-जूनमध्ये तर मान वर करायला वेळ नसतो. दुसरं, बँकांच्या पॅनेलवरचे वकील टायटल सर्च करतात म्हणजे मिळकतीची मालकी तपासतात, तीस-तीस वर्षांचे इंडेक्स टू (दस्त नोंदणीचे उतारे) बघायला त्यांना स्वतःला कुठे वेळ असतो, ते काम ज्युनियर करतात आणि त्याचे पर सर्च पैसे मिळतात. कंटाळवाणं काम आहे, डोळे जातात, पण दिवाणी कागद वाचायची जी सवय लागते ती जेएमएफसीला पण कामी येते.

आणि एक सांगतो जे मला कुणी सांगितलं नव्हतं, वकीलपत्रावर स्वतःचं नाव टाकून घ्यायला आत्तापासून सुरुवात कर. तीन वर्षांनी दाखला लागणार तो दहा वर्षं झालेल्या वकिलाचा, आणि त्यावर कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. साहेबांनी तुझं तोंडच बघितलेलं नसेल तर अवघड जाईल.

शाखेतला_माणूस
सरकारी बँकेत आहे, एज्युकेशन लोनचं डेस्क बघतो. थोडं स्पष्ट बोलतो.

पत्रातला हप्ता म्हणजे दगडावरची रेघ नाही. तुझ्या रकमेवर महिन्याला नुसतं व्याजच ९,३०० च्या वर जातं, त्यामुळे तू आपल्या मनाने दर महिन्याला पाच हजार टाकत राहिलास तर मुद्दल कमी होणार नाही, उलट वाढेल, आणि खातं थकीत दिसेल ते वेगळंच. त्यापेक्षा शाखेत लेखी अर्ज दे. सुरुवातीला कमी आणि पुढे वाढत जाणारा हप्ता मागता येतो. इंडियन बँक्स असोसिएशनच्या एज्युकेशन लोनच्या मॉडेल स्कीममध्ये बेकारी किंवा तुटपुंज्या कमाईच्या काळासाठी हप्ता थांबवायची पण सोय आहे, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, पूर्ण मुदतीत दोन-तीनदा. द्यायचं की नाही हे शेवटी बँक ठरवते आणि त्या काळात व्याज चढतच राहतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. सिनियरचं पत्र आणि सहा महिन्यांचं पासबुक सोबत जोड.

गप्प मात्र बसू नको. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकलेलं कर्ज) आणि वडील सहकर्जदार म्हणून त्यांचं सिबिल (क्रेडिट स्कोअर) पण जातं. त्यांचं पीककर्ज असेल तर नवं-जुनं करताना अडेल, मग तुझ्यामुळे त्यांची दरवर्षीची पंचाईत.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. साडेसातचे १० लाख ६५ झाले म्हणजे सव्वातीन लाखाच्या आसपास नुसतं व्याज. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होतं का? कॉलेज नॅकवालं (नॅकचं मूल्यांकन झालेलं) होतं का? असेल तर केंद्राच्या योजनेत कोर्स अधिक एक वर्षाचं व्याज सरकार भरतं. स्टेटमेंट काढ आणि सबसिडी जमा झालीये का बघ.

मेसचं_ताट
आणि एज्युकेशन लोनच्या व्याजावरची आयकर सवलत (आधीचं कलम ८०ई) विसरू नको, जुन्या करप्रणालीत टॅक्स वाचतो!

सर्चवाला_वकील
अरे ८ हजारवाल्याला कसला टॅक्स 😄 ते जज झाल्यावर.

इनहाऊस_ताई
मी ती हिंजवडीची वाट घेतलीये म्हणून लिहिते. नोकरी वाईट नाही, १२ लाखांचं लोन चार वर्षांत फेडलं, कधीही जास्त भरलं तरी दंड नव्हता (फ्लोटिंग रेट असेल तर नसतोच). पण मी पण "दोन वर्षं करू आणि परत कोर्टात जाऊ" असंच म्हणाले होते, ते काही झालं नाही, ३५ चे ५५ झाले की ८ वर परत कोण जातंय. न्यायाधीश खरंच व्हायचं असेल तर इकडे येऊ नको. त्यापेक्षा हायकोर्टात लॉ क्लर्कच्या (न्यायाधीशांचा सहाय्यक) जागा निघतात त्या बघ, मानधनात हप्ता निघतो आणि सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालाने तो अनुभव तीन वर्षांत धरायला सांगितलाय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात असिस्टंट डिफेन्स काउन्सेल (गरीब आरोपींची बाजू मांडणारा वकील) पण बघ, तिथे खाजगी केस घेता येत नाही पण रोज क्रिमिनल कोर्टात उभं राहायला मिळतं.

काळा_कोट_रिकामा_खिसा
सगळ्यांचे आभार. आज शाखेत जाऊन आलो. सबसिडी एक रुपया जमा नाही. उत्पन्नाचा दाखला काढला होता पण तो कॉलेजात फीच्या फॉर्मला लावला, बँकेला दिलाच नव्हता आणि पाच वर्षांत कुणी मागितला पण नाही. आता मागचं मिळणं अवघड म्हणाले, तरी अर्ज ठेवून आलोय. वाढत्या हप्त्याचा अर्ज घेतला, वरच्या ऑफिसला पाठवतो म्हणाले. लॉ क्लर्कचं माहीतच नव्हतं, जाहिरात निघाली की भरतो. सर्चवाले दादा, मेसेज केलाय, बघा ना.

घरी फोन करून सांगितलं की एकर विकायचा नाही. वडील म्हणाले बरं, मग कारखान्याला सांग ऊस यंदा तरी वेळेवर न्या.