मदत हवी आहे: तोस्कानातल्या छोट्या गावात आठवडाभर, गाडीशिवाय जमेल का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण इटलीला जातोय. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस अशी पळापळ दोघींनाही नकोय. एकाच गावात मुक्काम टाकायचा आणि पायी भटकायचं, बस. गेली काही वर्षं ती आईच्या आजारपणात पार अडकून गेली होती. निदान हे आठ दिवस तिला निवांत मिळावेत असं मला मनापासून वाटतं.

दक्षिण तोस्कानातलं व्हाल दोर्चा खोरं (२००४ पासून युनेस्कोच्या यादीत) आणि त्यातलं मोंतिक्येल्लो मनात भरलंय. तटबंदीतलं दगडी गाव, जवळच सायप्रसच्या झाडांचा तो नागमोडी रस्ता. १९६७ पासून इथले गावकरी उन्हाळ्यात स्वतःच रचलेलं नाटक चौकात करतात. आम्हाला ते बघायला मिळणार नाही, पण अशा गावात राहायचंच आहे.

रोमहून ट्रेनने क्यूसी, पुढे बसने मोंतेपुल्चानो आणि पिएन्झा, इथपर्यंत कळलं. पिएन्झाहून मोंतिक्येल्लोला जायचं कसं? रविवारी तर त्या भागात बस जवळजवळ नसतातच म्हणे. गाडी मी चालवते, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढेन. धास्ती आहे ती झेडटीएलची, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या जुन्या वस्तीची. चुकून आत शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस मागाहून घरी येते. तिकडे गाडी चालवलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

मैत्रीण अंडंही खात नाही. पिची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, बहुतेक ठिकाणी नुसत्या पीठ-पाण्याच्या, त्या चालतील. पण पार्मिज्यानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, म्हणजे ते बाद. पिएन्झाचं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) घेताना ‘कालियो व्हेजेताले?’ म्हणजे ‘रेनेट वनस्पतीचं आहे का?’ असं विचारलं तर दुकानदार नीट सांगतात का?

म्हणून स्वयंपाकघर असलेलं अग्रितुरिस्मो, म्हणजे शेतावरचं पाहुण्यांसाठीचं घर घ्यावं असं माझं मत आहे. तिथे कायद्यानेच खरी शेती चालू असावी लागते, ते मला फार आवडलं. पण ही घरं गावापासून लांब, कच्च्या रस्त्यावर असतात. गाडी नसेल तर किराण्याचं काय करायचं? मालक स्टेशनवर घ्यायला येतात का, की गावातच खोली घेतलेली बरी?

जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. बुकिंग याच महिन्यात करायचं आहे.