लॉसलेस स्ट्रीमिंग असताना सीडी का ऐकावी?

प्रश्न
माझ्याकडे सीडींचा बराच मोठा संग्रह आहे. सीडीवरील ध्वनी ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) आणि १६ बिटचा (प्रत्येक नमुन्याची अचूकता) असतो, आणि आता अनेक स्ट्रीमिंग सेवाही लॉसलेस, म्हणजे ध्वनीतील काहीही न गाळता, तोच किंवा त्याहून वरचा दर्जा देतात. तरीही काही जाणकार श्रोते आवर्जून सीडीच लावतात. त्यांना तिच्यात नेमके काय सापडते? निव्वळ जुन्याची ओढ, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

प्रतिसाद १
आकडे सारखे असले, तरी त्यांमागचे मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधी ध्वनीवर केलेला शेवटचा संस्कार, सारखे असेलच असे नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो; म्हणजे अगदी हळुवार सुरापासून तालवाद्याच्या जोरकस आघातापर्यंतचे सगळे चढउतार त्यात सहज बसतात. परंतु १९९० च्या दशकापासून अल्बम इतरांपेक्षा मोठ्याने वाजावा म्हणून हे चढउतार दाबून टाकण्याची चढाओढ लागली, आणि त्या काळात निघालेल्या अनेक रीमास्टर (नव्याने मास्टरिंग केलेल्या) आवृत्त्यांनाही तिची झळ बसली. स्ट्रीमिंगवर बहुधा अशी नंतरची आवृत्तीच समोर येते. ॲप एकूण आवाज कमी करून देते खरे, पण एकदा छाटलेली शिखरे त्यामुळे परत येत नाहीत. १९८० च्या दशकातील मूळ सीडी आपल्याकडे असेल, तर दोन्हींचा आवाज काळजीपूर्वक एकाच पातळीवर आणून ऐकून पाहावे, कारण जे किंचित मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते. प्रत्येक रीमास्टर वाईट असतो असे मात्र मुळीच नाही; काही मूळ सीडीच घाईने काढलेल्या आहेत.

प्रतिसाद २
वरील मुद्द्याला मी हक्काची जोड देईन. परवाना संपला की अल्बम सेवेवरून नाहीसा होतो, आणि कधी कधी त्याच नावाखाली वेगळी आवृत्ती येऊन बसते. आपल्या कपाटातील सीडी कोणी परस्पर बदलू शकत नाही. तिची एक फ्लॅक (दर्जा न घटवता ध्वनी साठवणारी फाइल) प्रतही अवश्य काढून ठेवावी. आणखी एक गोष्ट: पुष्कळ लोक चमकदार बाजूला जपतात, पण छपाईची बाजू अधिक नाजूक असते. ध्वनी जिच्यात साठवलेला असतो ती ॲल्युमिनियमची झिलई छपाईच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ थरामागे असते. तिथे ओरखडा गेला, तर घासून तो दुरुस्त करता येत नाही.

प्रतिसाद ३
मला सीडीची मर्यादा आवडते. फार तर ७४ ते ८० मिनिटांत ती संपते आणि खोली शांत होते. पुढचे गाणे आपोआप सुरू होत नाही. शिवाय कोणते वाद्य कोणी वाजवले, हे पुस्तिकेत वाचता येते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक अल्बम दोन्हीकडे समान पातळीवर ऐकला. सीडीवर ड्रमचा आघात उठून येतो, तर स्ट्रीमिंगवर तो इतर वाद्यांत मिसळून जातो. आता कोणत्या सीडी मूळ आवृत्तीच्या आहेत हे पाहून, त्यांच्या प्रती आधी काढायला घेतो.