पिकने टोन बदलतो की नुसता खिसा हलका होतो?

तारातुटी
परवा मित्राने बारा हजारांचं ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज फाडून जाडजूड करणारं यंत्र) घेतलं. वाजवतो मात्र अजून गिटारच्या पिशवीत फुकट आलेल्या त्या लवलवत्या पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने. मी म्हटलं, आधी पन्नास-साठ रुपयांचं पिक बदलून बघ. सगळे हसले. म्हणून इथे येऊन भांडतोय.

माझं म्हणणं असं की सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त टोन बदलणारी वस्तू पिकच. घरी एकच गिटार आणि एकच ई कॉर्ड घेतला, अँपची बटणं हलवली नाहीत. ०.४६ मिलिमीटर जाडीचं नायलॉनचं, ०.८८ चं हिरवं टॉर्टेक्स आणि १.३८ चं छोटं जॅझ थ्री, अशी तिन्ही पिकं वाजवून बघितली. पातळ पिक तारेला भिडल्यावर आधी स्वतःच वाकतं, मग सुटतं. त्यामुळे स्वराआधी एक 'टक्' ऐकू येतो. र्‍हिदमला तो झकास लागतो, सोलोला डोकं उठवतो. जाड पिक वाकत नाही, तारेलाच बाजूला सरकावं लागतं आणि आवाज भरून येतो. टोकाचाही फरक पडतो. गोल टोकावरून सुटताना तारेला तीक्ष्ण कोन पडत नाही, वरचे हार्मोनिक (मूळ स्वराबरोबर उठणारे बारीक उपस्वर) कमी उठतात, म्हणून स्वर गुबगुबीत. अणकुचीदार टोकाने तोच स्वर चमकतो.

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे उगाच जुनं सहा पेन्सचं नाणं घेऊन वाजवतो का? नाण्याच्या कडेला दाते असतात. नाणं जरा तिरकं धरलं की तारेवर ते खरवडतात, आणि ती खरखर त्याच्या आवाजाचाच भाग आहे.

(घरी 'पिक' म्हटलं की आजी विचारते, यंदा कसं आलं?)

अंगठेबहाद्दर
असहमत. नाणं माझ्या हातात द्या, मी ब्रायन मे होतो का बघू.

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवायचा. रॉकवाल्या जेफ बेकने चांगली कारकीर्द झाल्यावर पिक ठेवून दिलं आणि उरलेलं आयुष्य बोटांनी वाजवलं. आता सिसिलीचा मातेओ मान्कूसो बघा. १९९६ चा जन्म, इलेक्ट्रिक गिटार, पिक नाही, आणि वेग असा की पिकवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. त्याला विचारा ०.८८ बरं की १.३८!

शिवाय उजवा हात ब्रिजकडून (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात) नेककडे, म्हणजे मानेकडे, दोन इंच सरकवा. टोनमध्ये जो फरक पडेल तो तुमच्या तिन्ही पिकांनी मिळून पडणार नाही. आणि फुकटात.

तारातुटी
दोन इंचांचं मान्य. पण हात सरकवून 'टक्' जात नाही हो.

जवाकुसुम
गिटार हातात घेण्याआधी मी आठ वर्षं सरोद शिकले, म्हणून हा वाद वाचून गंमत वाटते. सरोदचा जवा, म्हणजे आमचं पिक, नारळाच्या करवंटीचा. तो किती जाड ठेवायचा आणि कड कशी घासायची यात आमच्या दुपारच्या दुपारी जायच्या. मी नवा जवा घेऊन बसले की गुरुजी पहिल्या 'दा'लाच, म्हणजे पहिल्याच आघाताला, म्हणायचे, "अजून घास." तिथे कोणी विचारत नाही की जव्याने फरक पडतो का. सतारवाल्यांना विचारा, बोटातली तारेची नखी जरा सैल बसली तर काय होतं.

आणि अंगठेबहाद्दर, मान्कूसोकडे पिक नाही हे खरं नाही. त्याची बोटंच पिक आहेत. क्लासिकल गिटारवाले नखं बारीक सँडपेपरने घासतात, तुटलं तर डिंक लावून जोडतात, ते काय नटण्यासाठी? तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय.

जुनेतेसोने
खरा टोन कासवाच्या कवचाच्या पिकांचा होता. प्लॅस्टिकने सगळी वाट लावली.

तारातुटी
त्या कासवांची वाट कोणी लावली? सत्तरच्या दशकात त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली ती उगाच नाही. डनलॉप कंपनीने १९८१ मध्ये टॉर्टेक्स आणलं ते त्याला पर्याय म्हणूनच. नावातच 'टॉर्टॉइज', म्हणजे कासव, आहे बघा.

धोबीतलावकर
मी मुलांना शिकवतो. पिकबद्दल थोडं, मुलांबद्दल जास्त.

लहान हातात मोठं तिकोनी पिक दिलं की मूल ते मुठीत आवळतं आणि मनगट लाकडासारखं होतं. त्याच मुलाला जॅझ थ्रीसारखं छोटं पिक द्या, टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवायला लावा, आठवड्यात हात मोकळा होतो. तेव्हा टोन नंतर, आधी पकड.

जपानची गिटारवादक लि-सा-एक्स आठ वर्षांची असताना रेसर एक्स या बँडचं अवघड वादन पिकने सफाईदार वाजवत होती. माझ्या वर्गात तो व्हिडिओ लावला की पालक म्हणतात "बापरे", आणि मुलं विचारतात, "ती हात कसा धरते?"

अंगठेबहाद्दर
वेग आहे, पण भाव कुठाय? हल्लीची पोरं सुरांचा पाऊस पाडतात, भिजत कोणीच नाही.

धोबीतलावकर
हे वाक्य प्रत्येक पिढीत कोणीतरी म्हणतंच. २००७ मध्ये शिकागोच्या क्रॉसरोड्स महोत्सवात तुमच्याच जेफ बेकशेजारी विशीतली ताल विल्केनफेल्ड बास वाजवत होती. तिचा सोलो पुन्हा बघा. किती सोडून देते, किती थांबते. आणि बेक बाजूला उभा राहून कसा हसतोय तेही बघा. तो माणूस "भाव कुठाय" म्हणत नव्हता.

जवाकुसुम
+१. मुंबईची बासवादक मोहिनी डे बघून मला पहिल्यांदा मत्सर वाटतो, आणि मग रियाजाला बसते. इतकंच.

तारातुटी
बरं, चार क्लिप टाकल्यात. तोच कॉर्ड, तीच गिटार. तीन पिकं आणि एक जुनं नाणं. ओळखा.

अंगठेबहाद्दर
एकच बरोबर आली. म्हणजे फरक नाही, सिद्ध झालं.

तारातुटी
फरक नाही की तुम्हाला ऐकू येत नाही?

जवाकुसुम
माझ्या दोन बरोबर. नाणं लगेच कळलं, तीन आणि चारमध्ये फसले.

धोबीतलावकर
वर्गात लावल्या. एक अकरा वर्षांची मुलगी आहे, तिने चारही ओळखल्या नाहीत, दोनच. पण म्हणाली, "सर, चौथ्या वेळी काकांनी हात ब्रिजकडे नेलाय." खरं का हो?

तारातुटी
मोबाइलवरचा व्हिडिओ आत्ता पुन्हा पाहिला. जॅझ थ्री हातात आल्यावर माझा हात नकळत दीड इंच मागे गेलाय.

अंगठेबहाद्दर
😄 बोला आता.

तारातुटी
पण तो पिकमुळेच सरकला ना! थांबा, गिटारवर खुणेची चिकटपट्टी लावून रविवारी पुन्हा रेकॉर्ड करतो. त्या मुलीला सांगा, कान तयार ठेव.