मदत हवी आहे : महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मुक्त प्रवेश कसा सुरू करावा?

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणच्या एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे अजूनही विद्यार्थ्याने मागणीचिठ्ठी भरायची, ती देवघेवीच्या खिडकीत द्यायची आणि परिचर आतल्या कपाटातून पुस्तक आणेपर्यंत ताटकळत उभे राहायचे, अशी पद्धत आहे. काल एका विद्यार्थिनीने तीन चिठ्ठ्या भरल्या, तिन्ही पुस्तके बाहेर गेलेली निघाली आणि चौथी चिठ्ठी भरण्याआधीच तिच्या एसटीची वेळ झाली. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र. ते आपण पाळत नाही, याची मला फार खंत वाटते.

पुढील सत्रापासून निदान क्रमिक पुस्तकांना मुक्त प्रवेश द्यावा, म्हणजे कपाटे खुली करून विद्यार्थ्यांना स्वतः पुस्तक निवडू द्यावे, असा माझा आग्रह आहे. मात्र पुस्तके गहाळ झाल्यास वार्षिक पडताळणीत जबाबदारी कोणाची, या प्रश्नापाशी ग्रंथालय समितीची चर्चा दरवेळी अडते. ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी गहाळ पुस्तकांची नोंद कशी ठेवली, आणि कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत बारकोड लावण्याचे काम आधी पूर्ण केले की कपाटे खुली केल्यावर, हे कृपया सविस्तर कळवावे.

दुसरी अडचण अभ्यासिकेची. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी सकाळपासून जागा धरतात, त्यामुळे दोन तासिकांच्या मधल्या वेळेत येणाऱ्यांना बसायला बाकडे मिळत नाही. कोणावरही अन्याय न करता जागेची विभागणी आपण कशी केली?