अक्रात बसून बँड ऐकायचा आहे, कुठे जाऊ?

चाकणचा_फिटर

कंपनीकडून मे अखेरीस घानाला जातोय. राजधानी अक्राजवळच्या टेमाच्या एका कारखान्यात मशीन बसवायचं आहे, परत यायला जून संपेल. शनिवार-रविवार मोकळे. आधी जाऊन आलेल्या दोघांचा सल्ला एकच: संध्याकाळी गेस्ट हाउसवर पत्ते खेळायचे. ते मला जमणार नाही. मी तबला वाजवतो, हौशी आहे पण रियाज सोडत नाही. गणपतीत पथकात ताशा असतो. डिस्कोत रस नाही, दारू पीत नाही, मासे-मटण खात नाही. अक्रात निवांत बसून बँड ऐकता येईल अशा जागा सांगा. आणि रात्री टेमाला परतणं कितपत शहाणपणाचं?

मृण्मयी_बाणेर

अक्रातल्या ओसू भागात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, मी मैत्रिणीबरोबर बिनधास्त फिरले आहे. फक्त फोन हातात धरून रस्त्यावर उभे राहू नका. टॅक्सी उबर किंवा बोल्टचीच घ्या. लबाडी बीचवर बुधवारी रात्री रेगे असतं, आत जायला पैसे पडतात. समुद्रात उतरू नका, पाण्याला भयंकर ओढ आहे. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान १० दिवस घेतलेली हवी. ते कार्ड तिकडे उतरताना लागतं आणि मुंबईत परत येतानाही विचारतात.

जुना_ओसूकर

पत्ते काय, चाकणलाही खेळता येतात!

मी औषधांच्या वितरणाच्या कामात बरीच वर्षं अक्रात होतो, बिऱ्हाड ओसूत. पहिली गोष्ट तारखांची. अक्रा मूळचं 'गा' जमातीच्या लोकांचं. त्यांचा होमोवो सण ऑगस्टच्या आसपास येतो. त्याआधी मक्याची पेरणी झाली की देवांना शांतता हवी, म्हणून मे-जूनमध्ये साधारण ३० दिवस शहरात ढोल आणि मोठा आवाज बंद. गा परिषद बंदी जाहीर करते आणि ती चर्चच्या कर्ण्यांनाही लागू असते. प्रत्येक वस्तीच्या तारखा निराळ्या, टेमाच्या आणखी निराळ्या, तेव्हा यंदाचं पत्रक शोधून बघ. बारमधलं संगीत अगदीच थांबतं असं नाही, पण दबकत चालतं. (नदीपात्रातल्या ढोलांच्या सरावावरून दरवर्षी भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) तू नेमका त्यातच पोचणार. म्हणून आधीचे शनिवार खाण्यात आणि जेम्सटाउन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत घालव, संगीत जूनच्या उत्तरार्धासाठी राखून ठेव.

बंदी उठली की सरळ नॉर्थ रिजमधला '+२३३' गाठ. नाव जॅझ बार असलं तरी तिथे हायलाइफ (घानाचं गिटार-ट्रम्पेटवरचं नाचाचं संगीत), रेगे, अॅफ्रोबीट सगळं वाजतं, आणि बहुतेक रात्री जिवंत बँड असतो. लवकर जाऊन स्टेजजवळचं टेबल धर. अलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच सांस्कृतिक केंद्राच्या उघड्या रंगमंचावर मैफली होतात, तिथलं वेळापत्रक आधी बघून जायचं. पण माझं मत विचारशील तर खरी गंमत साध्या 'स्पॉट'वर. स्पॉट म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेला उघडा बार. कोपऱ्यात दोन गिटार, एक ट्रम्पेट, ढोल, बस्स. रविवारी दुपारनंतर पासष्टीच्या पुढची जोडपी एकाच कापडाचे कपडे शिवून येतात आणि असं संथ, नेमकं नाचतात की विशीतली पोरं बघत राहतात. गाणं आवडलं की कुणीतरी उठून गायकाच्या कपाळावर नोट चिकटवतो, थेट आपला दौलतजादा. तूही द्यायला हरकत नाही, फक्त डावा हात पुढे करू नकोस.

हायलाइफचा तिथला बादशहा ई. टी. मेन्सा. ट्रम्पेट वाजवायचा आणि पेशाने फार्मासिस्ट, म्हणजे आमच्या धंद्यातला! १९५६ साली अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग अक्रात आला तेव्हा दोघांनी एकत्र वाजवलं होतं. जुन्या बँडवाल्यांपुढे मेन्साचं नाव काढ, खुर्ची आपोआप पुढे सरकेल.

तू तबलेवाला, म्हणून एक गृहपाठ. क्पानलोगो नावाचा ढोलांचा प्रकार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अक्रातल्याच गा तरुणांनी रुजवला. त्यात लोखंडी घंटा सोळा मात्रांत पाच ठोके देते: १, ४, ७, ११, १३. हे टाळीवर पक्कं करूनच विमानात बस. ढोलवाले वाटेल तिकडे जातात, घंटा जागची हलत नाही. तीनतालासारखी तिसरी टाळी तेराव्या मात्रेवर सापडेल, पण तीनतालाची दुसरी टाळी आणि खाली येते त्या पाचव्या आणि नवव्या मात्रेवर घंटा गप्प असते. आपला माणूस हमखास तिथेच अडखळतो.

जेवणाचं म्हणशील तर तळलेली तिखट केळी, म्हणजे केलेवेले, डोळे मिटून खा. रेड-रेड हे चवळीचं कालवण आणि तळलेली केळी. सुकी मासळी घातली नाही ना, हे दरवेळी विचारून घे. प्यायला सोबोलो, लाल अंबाडीच्या बोंडांचं आल्याचं सरबत.

सँडी_औंध

काका, जूनमध्ये काय मजा? भर पावसाळा तो. डिसेंबरमध्ये जायचं! २०१९ च्या 'इयर ऑफ रिटर्न'पासून (परदेशातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना घानाला बोलावण्याची मोहीम) डिसेंबरात तिथे रोज रात्री कॉन्सर्ट असतात.

जुना_ओसूकर

@सँडी त्याला कंपनी पाठवते आहे, तुझ्या सोयीने नाही. आणि डिसेंबरात रात्रभर गाड्यांच्या रांगेत बसायचं, तिकिटांचे भाव गगनाला. पावसाचं मात्र खरं बोललास. जोराचा झाला की क्वामे न्क्रुमा सर्कल या मोठ्या चौकाकडे पाणी तुंबतं, तो भाग टाळ.

चाकणचा_फिटर

काका, ठोके मोजून बघितले, सातव्यावरून अकराव्यावर जाताना हात घाई करतोय. तिकडे कुणी शिकवेल का? आणि परतीचं राहिलंच.

जुना_ओसूकर

समुद्राजवळच्या आर्ट्स सेंटरमध्ये ढोल विकणारे बसतात. विक्रेते फार चिकट, पण त्यांच्यातले काही खरेच उत्तम वाजवतात. ढोल घेण्याआधी तासभर शिकवण्याचे पैसे ठरव. बंदी चालू असेल तर मात्र विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी थाप मारू नकोस.

परतीचं म्हणजे, टेमा पंचवीसेक किलोमीटर आहे. बँड रंगात येतो तेव्हा तुला निघावं लागेल. त्यापेक्षा शनिवारी ओसूत साधी खोली घे, रविवारचा स्पॉट करून संध्याकाळी परत. सोमवारी मशीनवर उभं राहायचंय.